गाडीचं पोट

लिंबं चिरायला बसणाऱ्याच्या बोटाला जखम असू नये.

खुर्चीलाही कपडे घालतात, हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं.

आमचा बा शेण बघून बैलाची तब्येत सांगतो. मूड चांगला असेल तर बैलाच्या मालकाचीही सांगतो.

नर्सी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाची मोरी थेट रस्त्यावर उघडते.

पंखा ही तशी चांगली वस्तू आहे.

ऊन फुकट असतं.

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे का? आहे! ही सहाच्या सहा वाक्यं एकाच आठवड्यात, एकाच जुन्या गाडीपायी माझ्या वाट्याला आली. आणि ती गाडी मी निवडली. मी! स्वतः! एकवीस मुद्दे तपासून!

आधी फुशारकी

माझं नाव रणजीत. हिंगोलीत आमचा साफसफाईचा धंदा आहे. आमचा म्हणजे माझ्या बायकोचा. शिलानं दोन वर्षांपूर्वी दोन झाडू, एक बादली आणि शिवकन्या नावाची मैत्रीण एवढ्या भांडवलावर तो सुरू केला. आता पाण्याच्या टाक्या, सोफे, दुकानं, पडदे, सगळं होतं. मी त्यात व्यवस्थापक. ही नेमणूक माझी मीच केली. शिलानं अजून हरकत घेतलेली नाही, कारण तिला सांगायचं राहून गेलंय.

अडचण होती सामानाची. मोटारसायकलवर मी पुढं, शिला मागं, मधे व्हॅक्युम मशीन, तिच्या खांद्यावर शिडी, माझ्या हँडलला चार बादल्या. आम्ही निघालो की लोक रस्ता सोडायचे. वरातीला सोडतात तसा! ऑटो सांगावा तर ऑटोवाला त्याच्या मुहूर्तावर यायचा. त्याच्यामुळं दोन चांगली कामं हातची गेली.

आणि मग सुमनबाईंचा फोन आला.

सुमनबाईंचं नर्सी रस्त्यावर मंगल कार्यालय. दोनशे खुर्च्या, दोनशे पांढरी कव्हरं, चोवीस पांढरे पडदे. बाईंचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरला तरी आपण सरळ उभे राहतो.

"रविवारी लग्न हाय," त्या म्हणाल्या. "शनिवारी दिवस मावळायच्या आत समदं पांढरंशुभ्र होऊन जाग्यावर पायजे. जमलं तर वर्षाचं काम तुमाला. न्हाई जमलं तर नांदेडचा मानूस तयारच हाय."

वर्षाचं काम! शिलानं फोन ठेवला आणि बोटांवर मोजायला लागली. पैसे नव्हे, बाया. तांड्यावरच्या दोघींना तिनं कधीचा शब्द देऊन ठेवला होता, मोठं काम आलं की तुम्हाला घेते म्हणून. त्या दोघी दर रविवारी भेटल्या की काही विचारायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. शिलाला ते विचारण्यापेक्षा जड जायचं.

"आता गाडी घ्याच," ती मला म्हणाली. "जुनी चालंल. पन बाला संगं न्या."

"बाला काहून? बाला बैल कळतो. मला गाडी कळती!"

(आम्ही बंजारा, घरात गोरमाटी बोलतो. तुमच्यासाठी मराठीत सांगून राहिलोय. भांडणाचा सूर मात्र मूळचाच ठेवलाय.)

आणि मला गाडी खरंच कळत होती! तीन दिवस मी मोबाईलवर जुनी गाडी कशी घ्यावी याचे व्हिडिओ बघितले होते. शिवाय माझा पणजोबा दोनशे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडलेला. वाहतूक आमच्या रक्तातच आहे!

माझे एकवीस मुद्दे (त्यातले काही)

इंजिन: गुरगुरतं. खोकत नाही.

टायर: चार. मोजले.

आरसे: दोन. दोन्हींत मी बरा दिसतो.

कागदपत्रं: सगळी आहेत, सगळी खरी आहेत.

रंग: पांढरा. साफसफाईवाल्याला शोभणारा.

वास: हा मुद्दा यादीत नव्हता.

दोन गाड्या

जुन्या गाड्यांचे व्यापारी संतरामभाऊ. माणूस सरळ. त्यांच्या आवारात आमच्या बजेटातल्या दोनच बंद डब्याच्या गाड्या होत्या. एक समोर उभी. पांढरीफेक, धुतलेली, बोनेटवर झेंडूची माळ. दुसरी कोपऱ्यात कडुलिंबाखाली. तिच्या दारांना खालून वीतभर गंज चढलेला आणि बाजूला कधीतरी रंगवलेल्या नावातली दोनच निळी अक्षरं उरलेली. ती गाडी माझ्याकडं अशी बघत होती की जणू लग्न मोडलेली आत्या!

मी वही काढली. बानं फेटा सारखा केला आणि तो पांढऱ्या गाडीभोवती फिरायला लागला. एक फेरी. दुसरी फेरी. मग पाठीमागं जाऊन त्यानं गाडीच्या ढुंगणावर सणकन थाप मारली.

"बा!" मी ओरडलो. "ती बैल न्हाई!"

"म्हनून तर मारली. बैल असता तर लाथ दिली आसती. दात किती?"

"गाडीला दात नसत्यात! मीटर असतं!"

"मीटर मानूस मागं फिरवतो. दात कोन फिरवंल?"

संतरामभाऊ हसले. "बाबा, मीटर फिरवलेलं न्हाई. खरं सांगतो, गाडी तीन वर्षं मार्केट यार्डात हळदीला होती. लक्ष्मीची गाडी हाय!"

हळद! तुम्हीच सांगा, याहून शुभ काय असतं? आणि एक गोष्ट लक्षात घ्या. हिंगोलीत राहणाऱ्याला हळदीचा वास येत नाही. मासोळीला पाण्याचा येतो का? बा मात्र सिद्धेश्वर धरणाकडच्या तांड्यावरून आलेला. त्यानं मागचं दार उघडलं, मुंडकं आत घातलं आणि दोन मिनिटं तसाच उभा राहिला. मग एवढ्या जोरात शिंकला की बोनेटवरची माळ हलली.

"रणज्या, हिच्या पोटात हाय."

"काय हाय?"

"जे खाल्लं ते."

"बाबा, आतून पुसून काढलाय डबा," संतरामभाऊ म्हणाले. "बगा की, चकाचक!"

"पुसलं ते तोंड. म्या पोटाचं बोलून राहिलो."

मग बा वळला आणि त्या कडुलिंबाखालच्या आत्याकडं गेला. तिच्याही डब्यात मुंडकं घातलं. शिंक आली नाही. बाहेर येऊन त्यानं तिच्या गंजक्या पाठीवर हात ठेवला. पंजा पसरून, पूर्ण.

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या घरात बानं जनावराच्या पाठीवर असा हात ठेवला की शोध संपला. मग कुणी बोलायचं नसतं. माझ्या चुलत्यांनी, आज्यानं, कुणीही कधी तो हात उचलायला लावला नाही.

"ही घे," बा म्हणाला. "हिचं पोट साफ हाय."

"बा, गंज बघ की! सफाईवाल्याची गाडी गंजकी? लोक काय म्हणतील? म्हणतील, न्हाव्याचीच दाढी वाढली!"

"गंज कातडीचा हाय."

"माझ्या एकवीस मुद्द्यांत ती सतरांत नापास हाय!"

बानं हात उचलला. बा रुसला की बोलत नाही, फेटा सोडून पुन्हा बांधतो. परत येताना पांढऱ्या गाडीत माझ्या शेजारी बसून त्यानं तो तीनदा बांधला.

पंखे

घरी आलो तर शिला खूश, शिवकन्या खूश. मी तर हवेत! आणि व्यवस्थापकाचं डोकं एकदा चालायला लागलं की थांबत नाही. मी विचार केला, इस्त्री केलेले पांढरे कपडे बंद डब्यात कोंदतील. यांना वारा पाहिजे! लगेच बॅटरीवर चालणारे दोन पंखे आणले. डब्याला आतून प्लाय ठोकलेला होता. त्याला पंख्यांसाठी आठ भोकं पाडली. भोकांतून थोडी पिवळी धूळ आली.

मी फुंकर मारली आणि म्हणालो, शुभ!

शुक्रवारी सकाळपर्यंत शिला आणि शिवकन्यानं दोनशे कव्हरं, चोवीस पडदे धुऊन, वाळवून, इस्त्री करून घड्या घातल्या. ते गठ्ठे बघून डोळे दिपत होते. बगळ्यांची शाळा भरल्यासारखे!

"प्लॅस्टिकच्या पन्नीत बांधून न्या," शिला म्हणाली.

"पन्नीत कापडाला घाम येतो," मी म्हणालो. हे मी कुठं वाचलं होतं? कुठंच नाही.

"बरं. आमी तासाभरात मोटारसायकलवर येतो. याडीला पन आनते, ती म्हनते गाडीला नारळ फोडल्याबिगर पयलं काम करायचं न्हाई. तोवर तुमी कशालाच हात लावू नका. दार उघडून ठेवा फकत."

याडी म्हणजे माझी आई, जिवनबाई.

मी निघालो. दोन्ही पंखे चालू. रस्त्यात खड्डे होते, गतिरोधक होते, मी गाणी म्हणत होतो. प्रत्येक आदळ्याला मागून 'भस्स' असा आवाज यायचा. मला वाटलं, पंखे जोरात चालून राहिलेत. वा!

कार्यालयासमोर गाडी लावली. ऐटीत मागचं दार उघडलं.

आणि आतून मला कुणीतरी नवरदेव समजून हळद लावली!

अख्खा ढग बाहेर आला. नाकात, कानात, खिशात हळद. ढग खाली बसला तेव्हा दिसलं: बगळ्यांची शाळा सुटली होती आणि वर्गात सगळे पोपट बसले होते. पिवळे! तीन वर्षांची हळद प्लाय आणि पत्र्याच्या मधे साठलेली. मी तिला आठ भोकं करून दिली आणि वर दोन पंखे लावले. एवढी सोय तर मार्केट यार्डानंही तिची केली नव्हती!

या गोष्टीत न घडलेला प्रसंग

रणजीत शिलाला फोन करतो. म्हणतो, "चुकलो." शिला म्हणते, "हात लावू नका, येऊन राहिले." रणजीत हात लावत नाही. गोष्ट इथंच संपते.

घडलेला प्रसंग

मी घड्याळ बघितलं. शिला यायला अजून पाऊण तास. पाऊण तासात माणूस काय करू शकत नाही? कार्यालयाच्या मागं सिमेंटचा मोठा हौद होता, नळ होता, आणि आमच्या सामानात धुण्याच्या सोड्याचं अख्खं पोतं होतं. मी सोडा सढळ हातानं टाकला, पाणी सोडलं आणि सगळी कव्हरं, सगळे पडदे बुचकळले.

पिवळं लाल झालं.

मी डोळे चोळले. डोळ्यांतही हळद होती, त्यामुळं त्याचा काही उपयोग झाला नाही. मला वाटलं सोडा कमी पडला. आणखी टाकला. आणखी लाल! टोमॅटो, मग बीट, मग त्याच्याही पुढचं काहीतरी. घाबरून मी हौदाचं बूच ओढलं.

आणि मोरी, मी सुरुवातीलाच सांगितलं, थेट रस्त्यावर उघडते.

दोन मिनिटांत रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या.

"आरं, आत काय कापून राहिले?"

"बोकड आसंल. रविवारी लग्न हाय न्हाई का."

"येका बोकडात येवढं रगत? समदी पंगतच कापली वाटतं!"

मी भिंतीवरून डोकावून म्हणालो, "काही न्हाई हो, धुणं चाललंय!" माझं तोंड पिवळं, हात कोपरापर्यंत लाल. दोघं जण गाडी चालू न करताच ढकलत पळाले. तिसऱ्यानं सुमनबाईंना फोन लावला.

शिला, शिवकन्या आणि याडी आल्या त्या याच घटकेला. शिलानं हौदात बघितलं. गाडीत बघितलं. माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हौदाच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "त्या दोघींना सोमवारी या म्हनून सांगून बसले मी."

मला एवढं लहान झाल्यासारखं वाटलं की एखाद्या खुर्चीच्या कव्हरात मावलो असतो.

याडी मात्र पूजेचं ताट घेऊन उभीच. तिनं ताटातली कुंकवाची डबी उघडून माझ्या नाकासमोर धरली.

"हे काय हाय?"

"कुंकू."

"कशाचं करत्यात?"

मी डबीत वाकून बघितलं.

"हळदीला चुना लावला की कुंकू होतं. हळदीला सोडा लावला की तुज्यावानी येडं होतं! येवढा बाप्या झाला, कपाळावर बायकोच्या रोज बघतो, आन् ठाव न्हाई?"

"मग आता, याडी?"

"लिंबं आन. लाल जातं लिंबानं, पिवळं जातं उन्हानं. आमच्या लग्नातली हळदीची लुगडी काय आमी फेकून दिली व्हय? जा, पळ!"

नर्सीच्या देवळाजवळच्या दुकानांतून मी लिंबं गोळा केली.

"किती देऊ?" दुकानदार म्हणाला.

"हायेत तेवढी."

त्यानं माझं पिवळं तोंड बघितलं, लाल हात बघितले आणि आवाज खाली आणला. "घरात कुनाला बाधा झाली का?"

"व्हय. मलाच."

बिचाऱ्यानं पाच लिंबं वरून दिली आणि मागं न बघता जायला सांगितलं.

तीन रंग

सुमनबाई आल्या तेव्हा आम्ही चौघं लिंबं चिरत होतो. माझ्या बोटाला पंखे बसवताना झालेली जखम होती. तेव्हा डोळ्यांतलं पाणी पश्चात्तापाचं नव्हतं एवढंच सांगतो.

"माजे कव्हर लाल कोन केले?" बाईंनी विचारलं. हळू आवाजात. मोठ्या आवाजाची सवय असलेल्या माणसानं हळू बोलणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच कळेल.

"म्या," मी म्हणालो. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य.

याडीनं एक लाल कव्हर लिंबाच्या पाण्यात बुडवलं आणि वर काढलं. पिवळं!

सुमनबाईंची भुवई वर गेली. "आता पिवळं?"

"आता उन्हात, बाई. उद्या सांजपस्तोर पांढरं."

"न्हाई झालं तर?"

"तर ह्याला खुर्चीवर पसरा," याडीनं माझ्याकडं बोट केलं.

सुमनबाईंनी एक खुर्ची ओढली, बिनकव्हराची, आणि तिथंच बसल्या. "बघतेच," म्हणाल्या.

गच्ची पडद्यांनीच भरली, दोनशे कव्हरं मावेनात. शेजारचा शेतकरी भला माणूस. कुंपणावरून म्हणाला, "माजं खळं हाय की! हळद वाळू घातलीय, जरा बाजूला सारतो."

"नको!" आम्ही पाचही जण ओरडलो. तो दचकून घरात गेला.

मग आंब्याच्या फांद्या, कुंपण, मंडपाचे बांबू, मोटारसायकली, सगळीकडं कव्हरं. शुक्रवारची दुपार आणि शनिवारचा आख्खा दिवस मी दर तासाला ती उलटवत होतो. शिवकन्या खालून सांगायची, "भाऊजी, ते डावीकडलं! भाऊजी, सावली आली!" फेब्रुवारीचं आमच्याकडचं ऊन म्हणजे पापडालाही मत विचारत नाही. पिवळं फिकं झालं. फिकं लोण्यासारखं झालं. आणि शनिवारी चारच्या सुमाराला शिलानं एक कव्हर उचललं, आकाशासमोर धरलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

बगळे परतले होते!

बा शनिवारी एसटीनं आला. त्यानं हौद बघितला, कव्हरं बघितली, गाडीच्या ढुंगणावर थाप मारली. भस्स! शिंकला. "पोट," एवढंच म्हणाला. फेटा मात्र सोडला नाही. म्हणजे राग गेला होता.

सुमनबाईंनी आधी पडदे बघितले, मग दोनशे कव्हरं स्वतः तपासली. एकशे ब्याऐंशीव्याच्या शिवणीत त्यांना पिवळी रेघ सापडली. बाईंनी ती रेघ नखानं खरवडली, मग याडीकडं बघितलं.

"दर हंगामात माजे चाळीस-पन्नास कव्हर हळदीच्या डागापायी फेकावं लागत्यात. नवरीकडले हळद लावत्यात आन् तशेच खुर्चीवर बसत्यात. नांदेडवाला म्हनतो, हळद जगात कुनाच्यानं निघत न्हाई."

"निगती की," याडी म्हणाली. "ऊन आसलं की निगती."

"वर्षाचं काम तुमाला," बाई शिलाला म्हणाल्या. "दोन अटी. ह्या माउली महिन्यातून येकदा आल्या पायजेत. आन् ती गाडी फाटकाच्या बाहेर उभी ऱ्हाईल."

शिलानं तिथूनच त्या दोघींना फोन केला. नुसतं "या" म्हणाली. पलीकडून काय आवाज आला ते मला चार हातांवरून ऐकू आलं.

आता

आता आम्ही पाच बाया आणि एक मी. हळदीचे डाग काढायला कळमनुरीहून, वसमतहून कपडे येतात. प्लाय आम्ही पूर्ण काढून टाकला, पत्रा तीनदा धुतला, तरी आदळा बसला की गाडी थोडी भस्स करतेच. बा तांड्यावर बैलाला जखम झाली की फोन करतो, "गाडी घेऊन ये, हळद संपली." मी नेतो. तो थाप मारतो, खाली ओंजळ धरतो.

माझं पद बदललं. शिलानं तिच्या वहीत माझ्या नावापुढं लिहिलंय: लिंबू खरेदी, ऊन देखरेख आणि चालक. ही नेमणूक तिनं केलीय, त्यामुळं ती खरी आहे. एकवीस मुद्द्यांची वही मी फेकली नाही. तिच्यात आता बाविसावा मुद्दा आहे, 'पोट', आणि तो आधी तपासायचा आहे, म्हणून त्याचा क्रमांक एक.

संतरामभाऊंच्या आवारातल्या त्या गंजक्या गाडीनं सहा वर्षं पिण्याच्या पाण्याचे जार वाहिले होते, दुसरं काही नाही.